हाताला मानवणारा नेक: इलेक्ट्रिक गिटारचा नेक बदलताना काय बघायचं आणि तो कसा बसवायचा

गिटारचा आवाज आवडतो, दिसायलाही ती देखणी आहे, पण अर्धा तास वाजवली की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागते. बारे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्ड, धरताना मनगट अवघडतं. अशा वेळी बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो पातळ नेकचा, म्हणजे तारा दाबताना हातात धरायच्या पातळ दांड्याचा. दोन मिनिटं हातात धरून पाहिला तर पातळ नेक झकास वाटतोही. तासभर वाजवल्यावर मात्र खरं काय ते कळतं. तळहाताला टेकायला काही उरत नाही, सगळा भार अंगठा आणि बोटांच्या चिमटीवर येतो आणि अनेकांचा हात उलट लवकर आखडतो. तोच हात मध्यम जाडीच्या, खांदे (पाठीच्या दोन्ही बाजू) उतरते असलेल्या नेकवर निवांत राहू शकतो. म्हणून माझा आग्रह असा की जाडी सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी रुंदी, खांदे आणि स्केल (तारेची वाजणारी लांबी) बघावं. त्याहीआधी दोष खरंच नेकचा आहे का, ते बघावं.

हे सगळं बोल्ट-ऑन गिटारांपुरतं आहे, म्हणजे ज्यांचा नेक मागून स्क्रूंनी बॉडीला आवळलेला असतो त्यांच्यापुरतं. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या सुमारास टेलिकास्टरला आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टरला हीच रचना दिली. नेक बिघडला तर चार स्क्रू काढायचे आणि दुसरा लावायचा, इतकं ते सोपं ठेवलेलं होतं. गिब्सनच्या लेस पॉल गिटारसारखा चिकटवलेला नेक किंवा बॉडीतून आरपार गेलेला नेक बदलणं हे घरच्या टेबलावर करायचं काम नाही.

दोष नेकचाच आहे का?

पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि नेहमीचं काहीतरी दहा मिनिटं वाजवा. हाताला एकदम हलकं वाटलं, तर त्रास नेकचा नसून नटचा, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिचा, आहे. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील, तर तारा सुरुवातीच्या फ्रेटांवर उंच राहतात आणि एफ मेजरसारखी कॉर्ड धरताना जीव मेटाकुटीला येतो. खात्री करायची असेल, तर प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटकडे बघा. तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम दिसेल इतकीच फट हवी. जास्त दिसली तर खाचा कानसून खोल करून घ्या. नव्या नेकच्या तुलनेत हे काम अगदीच किरकोळ आहे.

त्यानंतर नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो तसाच ठेवा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते मोजा. साधारण ०.२५ मिलिमीटर असेल तर ठीक. बरीच जास्त असेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) थोडा आवळावा लागेल. शेवटी कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची बघा. ती १.६ मिलिमीटरच्या आसपास असली, तर बहुतेक हातांना चालते.

आणखी दोन गोष्टी उगाच नेकच्या नावावर जातात. एक म्हणजे चकचकीत पॉलिश. घाम आला की हात चिकटतो, सरकत नाही, आणि माणूस म्हणतो नेक जाड आहे. अतिबारीक घासणीने पाठीवरची चमक मारली, तर हाच नेक वेगळा वाटायला लागतो. स्टील वूल वापरत असाल, तर आधी पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या डब्यांवर) टेप लावा, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकांना जाऊन चिकटेल आणि निघता निघणार नाही. दुसरी गोष्ट फ्रेटच्या टोकांची. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड किंचित आक्रसतं, धातू आक्रसत नाही, म्हणून टोकं कडेला बाहेर येऊन बोचायला लागतात. तीही कानसून काढता येतात.

इतकं करूनही हात दुखत असेल, तर नेक बदलण्याचा विचार करा. दुखणं बोटांत मुंग्या येण्यापर्यंत गेलं असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

आवडता नेक आधी मोजून घ्या

कॅटलॉगमधली वर्णनं वाचून नेक मागवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून बघण्यासारखं आहे. तुम्हाला सोयीची वाटलेली एखादी गिटार असतेच, मित्राची किंवा वर्गातली. ती तासभर मागून घ्या आणि तिची मापं टिपून ठेवा.

व्हर्नियर कॅलिपर हवा. नटची रुंदी नटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घ्या, आणि दोन्ही ई तारांच्या खाचांमधलं अंतर वेगळं लिहा. जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी मोजतात, फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागापासून पाठीपर्यंत. तारा लावलेल्या असतील, तर त्या ढिल्या करून कॅलिपरचा जबडा त्यांच्याखाली सरकवा आणि तो फ्रेटच्या धातूवर नाही, लाकडावर टेकलाय हे बघा. एवढ्यानेच एक मिलिमीटरची गफलत होते, आणि नेकच्या बाबतीत एक मिलिमीटर म्हणजे दोन वेगळे नेक.

पण जाडीच्या आकड्यात पाठीचा आकार येत नाही. त्यासाठी सोल्डरिंगची जाड तार उपयोगी पडते. वीतभर तुकडा घ्या, पहिल्या फ्रेटपाशी नेकच्या पाठीवरून फ्रेटबोर्डच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घट्ट दाबून बसवा, आकार न मोडता अलगद सोडवा आणि कागदावर ठेवून आतल्या बाजूने पेन्सिल फिरवा. बाराव्या फ्रेटपाशी पुन्हा तेच करा. मग तुमच्या दुखऱ्या नेकचा आकार त्याच कागदावर, त्याच रेषेवर काढा. दोन रेषा कुठे वेगळ्या होतात ते बघा. बऱ्याचदा मधली उंची जवळपास सारखीच निघते आणि फरक असतो तो दोन्ही बाजूंच्या खांद्यांत, म्हणजे फ्रेटबोर्डच्या कडेपासून पाठीकडे जाणाऱ्या उतारात. तळहात ज्याला ‘जाड’ म्हणतो, तो पुष्कळदा हा खांदाच असतो.

पाठीचा आकार

नेकच्या आकारांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. सी म्हणजे अंडाकृती गोलाई, सगळ्यांत जास्त चालणारी. डीची पाठ चपटी आणि खांदे भरलेले. जे अंगठा पाठीच्या मधोमध ठेवून भराभर लीड वाजवतात, त्यांना ती आवडते. यू भरदार असतो. मोठ्या हाताच्या आणि अंगठा वरून गुंडाळून धरणाऱ्या माणसाला तो सुखाचा वाटतो. व्हीच्या पाठीवर मधोमध हलकी कड असते आणि खांदे बरेच उतरते, त्यामुळे आकड्यात जाड असूनही तो हातात सडसडीत लागतो. अंगठा वरून घेणाऱ्यांना व्ही एकदा तरी धरून बघाच असं मी सांगतो. पाठीवर अंगठा ठेवणाऱ्यांना मात्र ती कड टोचू शकते.

एरिक क्लॅप्टन यांची प्रसिद्ध ‘ब्लॅकी’ अशाच व्ही नेकची. १९७० साली नॅशव्हिलमध्ये घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरांपैकी तीन खोलून, त्यांचे चांगले चांगले भाग एकत्र करून ती जुळवलेली होती. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. नेक बदलला की गिटारची किंमत मातीमोल होते असं कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगायला बरी.

काही नेक असममित असतात, म्हणजे जाड तारांच्या बाजूचा खांदा भरलेला आणि बारीक तारांच्या बाजूचा छाटलेला. पंजा नेकभोवती जसा तिरका वळतो, त्याला हे जुळतं. ज्यांचे हात लहान आहेत पण पातळ नेकवर आखडतात, त्यांना हा मधला मार्ग मानवतो असा माझा अनुभव आहे.

आता आकडे. आयबानेझचा सुपर विझार्ड पहिल्या फ्रेटपाशी १७ आणि बाराव्यापाशी १९ मिलिमीटर, विझार्ड थ्री १९ आणि २१. आजच्या नेहमीच्या सी नेकची जाडी साधारण २१ ते २३ मध्ये फिरते. जुन्या धाटणीचे भरदार नेक २३ पासून सुरू होऊन २५ च्या पुढेही जातात. एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारू नका. तुमचा सध्याचा नेक २१ चा असेल, तर २२ चा आणि उतरत्या खांद्यांचा बघा, किंवा २० चा आणि भरलेल्या खांद्यांचा. १७ वर जायची घाई नको.

रुंदी

जुन्या फेंडर धाटणीचा नट ४१.३ मिलिमीटरचा, आजचे बहुतेक ४२ ते ४३, आणि रुंद नेक ४४.५ चे. लहान हात म्हणजे अरुंद नट, असं समीकरण मांडलं जातं ते अर्धंच खरं आहे. ओपन कॉर्डमध्ये (काही तारा मोकळ्या ठेवून धरायच्या कॉर्डमध्ये) बोट शेजारच्या तारेला लागून ती मुकी होत असेल, तर दीड मिलिमीटर जास्त रुंदी लहान हातालाही सोपी पडते. बारे धरताना तर्जनी पुरत नसेल किंवा अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची असेल, तर अरुंद घ्या.

जुने फेंडर नेक बघताना एक गोंधळ टाळा. १९६० च्या दशकातल्या नेकच्या बुडाशी ए, बी, सी, डी असे शिक्के असत. ते पाठीच्या आकाराचे नव्हेत, नटच्या रुंदीचे. बी म्हणजे ४१.३ मिलिमीटर, सी म्हणजे ४४.५. ‘सी नेक’ असं वाचून पाठीची गोलाई समजलात, तर भलताच रुंद नेक हातात पडेल.

स्केल, गोलाई, फ्रेट

नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल मिळतं. फेंडरचं २५.५ इंच, गिब्सनचं नावाला २४.७५. स्केल कमी झालं की दोन फायदे होतात. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर २५.५ च्या नेकवर सुमारे १३४ मिलिमीटर येतं आणि २४.७५ वर १३०. करंगळी ताणावी लागणाऱ्या माणसाला हे चार मिलिमीटर चांगलेच जाणवतात. शिवाय त्याच तारा, त्याच सुरांत लावल्या, तरी ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपे. आवाजातला कणखरपणा थोडा कमी होतो आणि जाड तारा जरा सैल वाटतात, तेवढं गृहीत धरा.

पण फेंडर बॉडीला गिब्सन स्केलचा कुठलाही नेक लावता येत नाही, कारण ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग) आपल्या जागी पक्का असतो आणि सगळे फ्रेट बेसूर लागतील. त्यासाठी कन्व्हर्जन नेक मिळतात. त्यांचे फ्रेट असे मांडलेले असतात की ब्रिज न हलवता सूर बरोबर येतात, फक्त नट बॉडीच्या दिशेने अलीकडे सरकतो. मागवताना हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते बघा.

फ्रेटबोर्डच्या आडव्या गोलाईला रेडियस म्हणतात. आकडा लहान तितकी गोलाई जास्त. ७.२५ इंचांवर कॉर्ड धरायला बोटांना छान वाटतं, पण ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली असताना वरच्या फ्रेटांवर मोठा बेंड घेतला की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. ९.५ हा समंजस मध्यम. १२ ते १६ लीडवाल्यांचा. नटपाशी १० आणि शेवटी १६ अशी बदलती गोलाई असलेले नेकही मिळतात. दोन्ही प्रकारचं वाजवत असाल, तर ते घ्या. एक लक्षात असू द्या की ब्रिजच्या सॅडलची (तार टेकते त्या तुकड्यांची) उंची नव्या गोलाईप्रमाणे पुन्हा लावावी लागेल.

फ्रेट मध्यम उंच घ्या. उंच फ्रेटवर बोट लाकडाला फारसं घासत नाही, म्हणून कमी जोरात काम होतं. मात्र दाबून वाजवायची सवय असेल, तर तार खाली जाऊन सूर चढतो. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट वर्षानुवर्षं झिजत नाहीत आणि बेंड गुळगुळीत होतो. फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर केलेल्या मिळत असतील, तर जरूर घ्या. पहिल्या दिवसापासून नेक वापरून मुरलेला वाटतो.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. मेपलच्या नेकला पॉलिश लागतंच. भाजलेलं मेपल हवेतल्या दमटपणाला कमी दाद देतं आणि पुष्कळदा नुसत्या तेलावर चालतं. रोझवूड की मेपल फ्रेटबोर्ड यावर लोक रात्ररात्र वाद घालतात, पण हाताच्या आरामाशी त्याचा संबंध नगण्य आहे. पाठीला तेल किंवा साटिन पॉलिश निवडा.

बॉडीला बसेल का?

नेक कितीही छान असला, तरी बॉडीतल्या खोबणीत बसला नाही तर उपयोग शून्य. नेहमीच्या फेंडर मापात नेकचं बूड सुमारे ५६ मिलिमीटर रुंद आणि २५.४ जाड असतं, खोबण सुमारे १६ खोल. स्ट्रॅटच्या नेकचं बूड गोलसर, टेलिकास्टरचं चौकोनी. स्ट्रॅटचा नेक टेलीत बसतो, पण कोपऱ्यांत फट दिसते. टेलीचा नेक स्ट्रॅटच्या खोबणीत कोपऱ्यांवर अडतो. स्वस्त गिटारांची मापं पुष्कळदा वेगळी असतात, खोबण उथळ, भोकांमधलं अंतर वेगळं. जुना नेक काढा आणि रुंदी, खोली, बुडाची जाडी, भोकांची अंतरं हे सगळं स्वतः मोजा. ‘स्ट्रॅट टाइप’ या शब्दांवर विसंबू नका.

ब्रिजवरचं दोन ई तारांमधलं अंतरही बघा. जुन्या धाटणीचं ५६ मिलिमीटर, आधुनिक अरुंद ब्रिजचं साधारण ५२.५. रुंद ब्रिज आणि अरुंद नेक अशी जोडी जमली, तर वरच्या फ्रेटांवर बारीक ई तार कडेवरून निसटते आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. ट्यूनरची (सूर लावायच्या खुंट्यांची) भोकंही दोन मापांची असतात, जुन्या पद्धतीची ८.७ मिलिमीटरच्या आसपास, आधुनिक १० च्या आसपास. तुमचे ट्यूनर कोणते ते आधी बघून मगच नेक मागवा.

बसवताना

तारा ढिल्या करून काढा, कॅपो किंवा पट्ट्याने त्या गोळा करायच्या भानगडीत पडू नका. स्क्रू थोडे थोडे, आडवेतिडवे सैल करत काढा. जुन्या खोबणीत कागदाची किंवा लाकडाची पाचर असेल, तर ती जपून ठेवा, नव्यालाही लागू शकते.

नवा नेक कोरडाच बसवून बघा. घट्ट असेल, तर हातोडी किंवा जोर नको, खोबणीच्या कडेचं पॉलिश तडकतं. खोबणीत रंगाचा थर साचला असेल, तर तेवढाच खरवडा. नेकच्या कडा मात्र कधीही घासू नका.

नेकला स्क्रूची भोकं नसतील, तर घाई न करता हे काम करा. नेक खोबणीत मागे टेकवून क्लॅम्पने हलकेच धरा. दोन्ही ई तारांच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्याच अंतरावर येईपर्यंत नेक सरळ करा. मग बॉडीच्या भोकांतून टोकदार खिळ्याने खुणा करा, नेक बाहेर काढा आणि ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करायला विसरू नका, नाहीतर ते फ्रेटबोर्डमधून वर निघेल. स्क्रूच्या आट्यांना मेण लावा. साबण लावू नका, तो ओलावा धरतो.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू सैलपणे, न फिरवता आत जायला हवा. आट्या बॉडीच्या लाकडालाही पकडत असतील, तर स्क्रू कितीही आवळला तरी नेक आणि बॉडीच्या मध्ये फट राहते. तसं असेल, तर बॉडीची भोकं थोडी मोठी करा.

पहिल्यांदा तारा लावल्यावर लगेच निर्णय देऊ नका. दोन-चार दिवस पूर्ण ताणावर राहू दे, लाकूड आपली जागा धरतं. मग ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त न फिरवता बाक लावा, त्यानंतर सॅडलची उंची, मग नटच्या खाचा, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागतील अशी सॅडलची जागा. हा क्रम उलटसुलट केला, तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं. सॅडल पार खाली आणूनही ॲक्शन उंचच राहिली, तर बॉडीकडच्या टोकाला पातळ पाचर लागेल. नवे नेक पुष्कळदा फ्रेट नीट समपातळीत न करताच येतात, त्यामुळे कारागिराकडून फ्रेट लेव्हल करून घेण्याचा खर्च नेकच्या किमतीतच धरून चला.

जुना नेक, त्याचे स्क्रू आणि पाचर एका पिशवीत घालून, सपाट जागी ठेवा. कधी गिटार विकायची झाली, तर मूळ भागांसह विकता येते.